दोनशे सत्याऐंशी यार्ड

४ ऑगस्ट २०२२

हॅल्वर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरला असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: कुणी गेलेलं नाही. डॅड बरे आहेत. एक्याऐंशी पूर्ण झाली, तरी सकाळी माझ्याआधी उठून कॉफी करतात आणि ती कडू झाली की बोल मला लावतात.

मला एक प्रश्न विचारायचाय. रायफलचा. तुझा पत्ता बर्निस हुलेटच्या भाच्याकडून मिळाला. त्याने तुझ्याकडून रायफलची नळी बदलून घेतली होती. बर्निस आठवते ना? आपल्याला पाचवीला गणित शिकवायची ती. आता सत्तरीची आहे. चटईवर पालथी पडून सहाशे यार्डांवरची लोखंडी थाळी वाजवते आणि वर म्हणते, पाठदुखीवर याच्यासारखा व्यायाम नाही.

तर प्रश्न असा. गेल्या हिवाळ्यात दोनशेच्या वर एल्क आपल्या गवताच्या गंज्यांवर आले. त्या घोड्याएवढ्या हरणांनी कुंपण आडवं केलं आणि जानेवारी संपायच्या आत निम्मा चारा फस्त. या वर्षी पुन्हा तसं झालं तर अर्ध्या गाई काढाव्या लागतील. मला दोन माद्यांचा परवाना मिळालाय. चार-दोन एल्क पडले की कळप जागा सोडतो, असं सगळे म्हणतात. परवाना माझ्या नावावर आहे, म्हणजे मारायचंही मीच. आणि मी त्या नोव्हेंबरनंतर रायफल हातात धरलेली नाही.

कुठली घेऊ? ओढ्याकाठच्या विलोच्या झाडीत जनावर अंगावर आल्यासारखं समोर येतं. वरच्या पठारावर तेच जनावर मुंगीएवढं दिसतं. एकाच रायफलने दोन्हीकडे भागतं का?

दुकानात रॉस्कोला विचारलं (तुझ्या वर्गातला, आता दुप्पट झालाय). तो म्हणाला, "मार्गिट, एकच घे आणि मोकळी हो. सात मिलिमीटर मॅग्नम. दाराशी मार, नाहीतर पुढच्या कौंटीत मार."

"दाराशी मारलं तर खायला काय उरेल?"

"खुरं," तो म्हणाला.

डॅडचं मत तुला पाठ असेल: माणसाला एक बायको, एक कुत्रा आणि एक थर्टी-ऑट-सिक्स रायफल पुरे. बर्निस म्हणते, कमीत कमी तीन हव्यात. बायकोचं तिने काही सांगितलं नाही.

तू रायफलींवर पोट भरतोस, म्हणून तुला विचारते. त्या नोव्हेंबरबद्दल मी काही विचारणार नाही, तूही लिहू नकोस. फक्त एवढंच सांग.

मार्गिट


२२ ऑगस्ट

हॅल्वर,

बावीस वर्षांनी भावाचं पत्र येतं, तेही पोस्टकार्ड, आणि त्यावर सहा शब्द! 'आधी अंतरं मोज. रायफलचं नंतर बघू.' कार्डावर अस्वलाचं चित्र आहे. ते तरी मुद्दाम निवडलंस, की हाताशी होतं?

पण मोजली. बर्निसचं लेझरचं यंत्र आणलं. मुठीत मावतं, डोळ्याला लावून बटण दाबलं की आत आकडा उमटतो. मला त्याचं वेडच लागलं. गेले दहा दिवस मी जे दिसेल ते मोजत सुटलेय. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून टपालपेटी: एकशे अठरा. गोठ्यापासून पवनचक्की: चौऱ्याण्णव. मी मनात पन्नास धरलं होतं. कुत्रं बसून राहिलं तर कुत्रंही मोजते.

विलोच्या झाडीत सगळ्यात लांबचा आकडा आला सत्तर. त्यापलीकडे दिसतच नाही काही. गंज्यांपासून उत्तरेच्या कुंपणापर्यंत दोनशे चाळीस. पठाराच्या काठावरून समोरचा उतार चारशे दहापासून पुढे सहाशेपर्यंत.

आणि आता ऐक. डॅडनी ज्या खडकावरून ते प्रसिद्ध हरीण पाडलं, 'चारशे यार्ड, वाऱ्यात, उभ्याने', तिथे मी गेले. ज्या जुनिपरच्या झुडपापाशी ते पडलं, ते झुडूप अजून आहे. दोनशे एकतीस.

जेवताना सांगितलं. डॅडनी काटा खाली ठेवला.

"यंत्र बिघडलंय."

"पवनचक्की बरोबर दाखवतं."

"झुडूप सरकलं असेल."

मला हसू आवरेना. पण ते खरंच दुखावले, हॅल्वर. दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन एकटेच खडकापाशी गेले आणि तो लंगडा पाय ओढत पावलं मोजून आले. किती भरली ते सांगितलं नाही. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसून अचानक म्हणाले, "वारा मात्र होता."

माणसाला इतकं कसं चुकतं दिसतं? मी दूरचं जवळ समजते, डॅड जवळचं दूर. तुझ्याकडे येणाऱ्या शिकाऱ्यांचंही असंच होतं का? कुणाचा अंदाज बरोबर असतो?

सगळी अंतरं सोबतच्या कागदावर आहेत. फक्त मेंढीघळ राहिली आहे. तिकडे जायला जमलं नाही.

आता तरी रायफल सांग.

मार्गिट


१० सप्टेंबर

हॅल्वर,

चार पानं! मी ती उभ्या उभ्या टपालपेटीपाशीच वाचली, मग घरात येऊन पुन्हा वाचली. आकृत्याही काढल्यास. तुझा सात अजून तसाच, मधे रेघ मारलेला.

मला समजलंय का ते तपास. गोळी कधीच सरळ जात नाही. नळीतून सुटली की दगडासारखी खाली येऊ लागते, फक्त वेगामुळे ते उशिरा कळतं. थर्टी-थर्टी ही आखूड रायफल, दाट झाडीत पटकन खांद्याला लावता येते, दीडशे यार्डांपर्यंत तिच्यासारखी भरवशाची नाही. पण तिची गोळी बोथट आणि संथ, दोनशेला वीतभर खाली आलेली असते आणि तीनशेला हातभराहून जास्त. थर्टी-ऑट-सिक्स किंवा टू-सेव्हंटी मधल्या पट्ट्याची, अडीचशे-तीनशेपर्यंत फार हिशेब न करता. त्यापुढे साडेसहा मिलिमीटर, नाहीतर सात मॅग्नम. लांब, टोकदार गोळी, जी वारा कापते. आणि तुझं शेवटचं वाक्य मी फ्रिजवर लावलंय: 'दहापैकी नऊ गोळ्या ज्या अंतरावर तुला थाळीत बसवता येतात, तेच तुझं अंतर. रायफल त्याच्याहून लांब मारते, हा तिचा प्रश्न.'

मग मी थाळीचीच परीक्षा दिली. बर्निस मला चांदमारीवर घेऊन गेली. रॉस्कोने मोठ्या मनाने मॅग्नम चालवायला दिली होती. पहिल्याच गोळीला रायफलने मागे धक्का दिला आणि तिच्यावरच्या दुर्बिणीची कड कपाळावर बसली. रक्त आलं. बर्निसने चष्म्यावरून पाहिलं.

"अर्धचंद्र. छान उमटलाय. आता तू आमच्यातली."

"माझ्याकडे शाळेत तू कधी एवढ्या कौतुकाने पाहिलं नव्हतंस."

"शाळेत तू उत्तर आधी लिहायचीस आणि गणित नंतर करायचीस. श्वास सोड. संपला की बोट ओढ. आणि गोळी कुठे लागली ते मी सांगेपर्यंत अंदाज बांधू नकोस."

तिची साडेसहा मिलिमीटरची रायफल लोण्यासारखी आहे. खांद्याला नुसती टपली मारते. तिने मी तीनशेवर दहापैकी पाच बसवल्या. डॅडच्या ऑट-सिक्सने दोनशेवर नऊ. अडीचशेवर सात. म्हणजे माझं अंतर दोनशे, हो ना? थोडं वाईट वाटलं, आणि थोडं बरं वाटलं. आपल्याला काय येत नाही ते इतकं नेमकं कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मेंढीघळीपर्यंत काल गेले होते, पण यंत्राची बॅटरी संपली.

मार्गिट


२६ सप्टेंबर

हॅल्वर,

बॅटरी संपली नव्हती.

मी त्या सपाट दगडावर बसले होते, जिथे तू गुडघा टेकला होतास. समोरच्या उतारावर तो जळका पाइन अजून उभा आहे. एल्क त्याच्या डाव्या हाताला होता. मी तीनदा मोजलं. दोनशे सत्याऐंशी. तिन्ही वेळा तेच.

मी दीडशे म्हणाले होते.

तू लिहू नकोस असं मी म्हटलं होतं, मग मी तरी लिहिलं पाहिजे. तुला आठवतं तसंच मलाही आठवतंय का, ते बघ. त्या दिवशी आपण विलोच्या झाडीत जाणार होतो, म्हणून तुझ्याकडे थर्टी-थर्टी होती. वर चढलो ते मीच म्हटलं म्हणून, उन्हात बसू या म्हणून. तो नर दिसला. तू कुजबुजलास, "किती?" दुर्बीण माझ्याकडे होती. तिच्या काचेवर वाफ धरली होती. मी ती पुसली नाही. पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दीडशे. फार तर पावणेदोनशे."

का, ते मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी गावात नाच होता. माझे पाय गारठले होते. तू मारावंस आणि आपण घरी जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लांब आहे म्हटलं असतं तर तू जवळ सरकायला घळ उतरून गेला असतास. तास गेला असता. मी तासाचा विचार केला, हॅल्वर. अंतराचा नाही.

गोळी दोन फूट खाली लागली. पुढचा पाय मोडून तो उरलेल्या तीन पायांवर कडा चढून गेला. पुढचं तुला माहीत आहे. डॅडनी जखमी जनावर सोडून यायचं नसतं म्हणून दुसऱ्या दिवशीही माग काढला, एकट्याने, आणि बर्फाळलेल्या चिखलात घोडा त्यांच्यावर लोळला. आपण त्यांना शोधून काढेपर्यंत कमरेच्या हाडाचे तुकडे झाले होते. एल्क मिळालाच नाही.

दवाखान्यात ते शुद्धीवर आल्यावर काय म्हणाले ते माझ्या कानात आहे. "थर्टी-थर्टीने कोण मारतं तिथून? ज्याला अंतर कळत नाही त्याने रायफलला हात लावू नये." तू भिंतीला टेकून उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, आता सांगेल. आता सांगेल. मी कॉफीच्या यंत्राकडे बघत राहिले. तू माझं नाव घेतलं नाहीस. वसंतात निघून गेलास.

मला वाटायचं, दीडशे हा आकडा फार चुकीचा नसेलही. एकशे नव्वद असेल, दोनशे असेल. बावीस वर्षं मी तो आकडा माझ्या सोयीने थोडा थोडा जवळ आणत होते. म्हणूनच मोजायला जात नव्हते.

तू का सांगितलं नाहीस? रागाने विचारत नाही. मला खरंच कळत नाही.

मार्गिट


१७ ऑक्टोबर

हॅल्वर,

तुझं उत्तर आलं त्याला आठवडा झाला. मी ते कुणाला दाखवलेलं नाही. तू लिहिलंस: 'मला माहीत होतं दीडशे नाही. मला अडीचशे वाटत होतं. पण तो नर मला हवा होता आणि तुझा आकडाही हवा होता, म्हणून मी तो घेतला. तुझं नाव सांगितलं असतं तर मी दोनदा खोटा ठरलो असतो.'

हे वाचून मला आधी हलकं वाटलं. मग राग आला. बावीस वर्षं तू एकट्याने हे घेऊन बसलास, मी एकटीने. एका फोनचं काम होतं. पण फोन मीही केला नाही.

डॅडना मी बुधवारी सांगितलं. तुझा भाग नाही. तो तुझा आहे. फक्त माझा. ते बूट घालत होते. दीडशे कुणी म्हटलं, वाफ, नाच, सगळं. ते ऐकत होते की नाही कळेना, कारण बुटाची नाडी बांधून झाली तरी खाली वाकलेलेच होते.

मग म्हणाले, "बावीस वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस."

"हो."

"मी त्याला काय काय बोललो, ते तुला ऐकू येत होतं."

"हो, डॅड."

ते उठले आणि गाईंकडे गेले. त्या दिवसापासून ताट घेऊन जुन्या गडीखोलीत जेवतात. कॉफी करतात, पण फक्त एक कप. मला वाटलं होतं खरं सांगितलं की काहीतरी सुटेल, मोकळं होईल. तसं काही नाही. नुसतं खरं सांगितलेलं असतं, आणि घर थंड असतं.

काल कुंपणाची तार ओढताना मात्र पाठीमागून आवाज आला, "किती भरलं म्हणालीस?"

"दोनशे सत्याऐंशी."

"मी साडेतीनशे धरून चाललो होतो," ते म्हणाले. "साडेतीनशेवरून मारणारा मूर्ख असतो. दोनशे सत्याऐंशीवरून मारणारा..." तार माझ्या हातून घेतली आणि स्वतः ओढू लागले.

शनिवारी हंगाम सुरू होतोय. रॉस्कोची मॅग्नम परत दिली. झाडीसाठी थर्टी-थर्टी, बाकी सगळ्यासाठी ऑट-सिक्स, दोनशेपर्यंत. लांबचा पट्टा बर्निससारख्यांसाठी सोडून दिला. दोन रायफली आणि एक मर्यादा. तुला पटतं का?

मार्गिट


१४ नोव्हेंबर

हॅल्वर,

झालं. सगळं क्रमाने सांगते.

पहिले तीन आठवडे नुसते पाय झिजवले. झाडीत एकदा मादी चाळीस यार्डांवर उभी होती, पण तिच्या मागे वासरू. रायफल वर गेलीच नाही. मग परवा सकाळी मी निघाले, तर डॅड पिकअपमध्ये आधीच बसलेले. मांडीवर कॉफीचा थर्मास. मी गाडी सुरू केली. फाटकापाशी म्हणाले, "एकटीने जायचं नसतं. मी गेलो होतो."

कळप पठाराखालच्या उतारावर होता, तीसेक. मी काठावर पालथी पडले. डॅडना पालथं पडता येत नाही. ते माझ्या शेजारी पाय पसरून बसले आणि हात पुढे केला. मी अंतराचं यंत्र त्यांना दिलं. त्यांनी ते याआधी कधी डोळ्याला लावलं नव्हतं.

"कुठलं बटण?"

"वरचं."

त्यांनी ते दाबलं. "तीनशे बारा."

"नाही मारत," मी म्हणाले.

"ऑट-सिक्स पोचते."

"रायफल पोचते, डॅड. मी नाही."

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. आम्ही दोघं तिथेच थांबलो, गोठत. कळप चरत चरत आमच्या बाजूला सरकत होता, अगदी सावकाश. पाऊण तास गेला असेल. माझे पाय बधिर झाले होते, त्या दिवशीसारखेच. एक म्हातारी, वासरू नसलेली मादी पुढे आली आणि आडवी उभी राहिली. मी श्वास सोडायला लागले.

"किती?"

डॅडनी यंत्र लावलं. मग खाली घेतलं, बाहीने काच पुसली आणि पुन्हा लावलं.

"एकशे शहाण्णव." मग लगेच, "थांब. परत बघतो." मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "एकशे शहाण्णव. मार्गिट, एकशे शहाण्णव."

मी मारली. ती दोन पावलं चालली आणि बसली. पुन्हा उठली नाही.

मला वाटलं ते शाबासकी देतील. ते यंत्राकडेच बघत होते. म्हणाले, "नुसता आकडा सांगायचा होता. तरी भीती वाटली. चुकला असता तर दोष माझा असता, आणि गोळी तू मारली असतीस." मग माझ्याकडे न बघता, "तू चोवीस वर्षांची होतीस."

बस, एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत, आणि मी विचारणारही नाही. पण कालपासून जेवायला टेबलाशी येतात. आणि काल काळीज कांद्यावर परतलेलं खाताना विचारलं, "हॅल्वर त्या वेळी काय म्हणाला होता? दीडशे ऐकल्यावर?"

मी म्हटलं, "ते त्यालाच विचारा."

"तो येणार नाही."

"नाही येणार. तुमच्यावरच गेलाय."

त्यांनी ताट पुसलं, पावाच्या तुकड्याने, अगदी स्वच्छ. "मग मीच जातो," ते म्हणाले.

मला वाटलं बोलण्याच्या भरात म्हणाले. पण आज सकाळी बर्निसला बोलावून घेतलं, तिच्या फोनवरून तिकीट काढायला लावलं. आयुष्यात कधी विमानात बसलेले नाहीत. बर्निस डॅडना म्हणाली, "ओस्मंड, खिडकीची जागा घेऊ का?" तर म्हणतात, "खिडकी कशाला, खाली पडल्यावर दिसेलच सगळं."

दोन डिसेंबर. बिलिंग्जहून सिअ‍ॅटल, तिथून तुझं फेअरबँक्स. दुपारी तीन-दहाला उतरतील. मी येत नाही. गंज्यांशी कुणीतरी हवं, आणि तुम्हा दोघांमध्ये मी बसले तर तुम्ही दोघंही माझ्याशीच बोलाल.

तुझ्या बायकोला सांगून ठेव की ते कॉफीला नावं ठेवतील. घरात जिना असेल तर खालची खोली दे. आणि विमानतळावर वेळेआधी पोच. सगळे उतरून जातील, दार बंद करायला लागतील, तरी हलू नकोस. ते लंगडत, हळू, सगळ्यांच्या मागून येतील. चाकाच्या खुर्चीला नाही म्हणतील. तू पुढे धावू नकोस, त्यांना ते आवडणार नाही. उभा राहा. त्यांना तुझ्यापर्यंत चालत येऊ दे.

मार्गिट